कॉर्नेलचे सात जण

अमेरिकेतील महाविद्यालयीन ‘फ्रॅटर्निटी’ म्हटली की धनिकपुत्रांचे गुप्त विधी आणि पुढे एकमेकांची लावून दिलेली वर्णी, एवढेच डोळ्यांपुढे येते. ते अगदीच खोटे नाही. येल विद्यापीठातील ‘स्कल अँड बोन्स’ या गुप्त मंडळाचे दोन सभासद, बुश आणि केरी, २००४ साली अध्यक्षपदासाठी परस्परांविरुद्ध उभे होते! आम्हांला मात्र याहून मोलाचे वाटते ते कॉर्नेल विद्यापीठातील उदाहरण.

तेथे कृष्णवर्णीय विद्यार्थी मूठभर. गोऱ्यांच्या बंधुमंडळांची दारे त्यांना बंद. त्यांतल्या सात जणांनी ४ डिसेंबर १९०६ रोजी ‘अल्फा फाय अल्फा’ स्थापन केली. तिचे मूळ विधींत नव्हते. एकत्र अभ्यास करून परक्या वातावरणात टिकून राहण्याच्या निकडीत होते. सातांपैकी व्हर्टनर टँडी पुढे न्यूयॉर्क राज्यातील पहिले नोंदणीकृत कृष्णवर्णीय वास्तुशिल्पी झाले, तर यूजीन जोन्स यांनी ‘नॅशनल अर्बन लीग’ची धुरा दीर्घकाळ वाहिली.

हे श्रेय मंडळाचे, की मुळातच जिद्दी असलेल्या या तरुणांचे? व्यक्तींच्या चरित्रांवरून याचा निवाडा होणे कठीण. १९३५ चा मेरिलँडचा खटला अधिक बोलका आहे. डोनाल्ड मरे यांना केवळ वर्णामुळे तेथील विद्यापीठाच्या विधी शाखेत प्रवेश नाकारला गेला, तेव्हा या मंडळानेच लढ्याला चालना दिली. बेलफोर्ड लॉसन, चार्ल्स ह्यूस्टन आणि थर्गुड मार्शल हे तिन्ही वकील मंडळाचेच सभासद. १९३६ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयानेही मरे यांच्याच बाजूने कौल दिला. तेव्हा मार्शल अवघे सत्तावीस वर्षांचे होते. १९६७ मध्ये ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले.