जनावराचा कागद



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस इतिहासावर बोलावयास सांगितले, तेव्हा आम्ही प्रथम नकार दिला. आमचे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, हजेरीपत्रके, पगाराच्या चिठ्ठ्या आणि न्यायालयांचे निकाल चाळताना झाले. परंतु गेल्या पावसाळ्यात एक प्रकरण आमच्याकडे आले आणि त्यापायी आम्हांस जुने कागद उपसावे लागले. ते प्रकरण व ते कागद, एवढेच आज आपल्यापुढे ठेवणार आहोत.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराकडे काम करणारा एक तरुण एके संध्याकाळी कचेरीत येऊन बसला. आम्हांस वाटले, पगार थकला असेल. तो म्हणाला, "पगाराचं नाही दादा, कुत्र्याचं आहे." त्याचे जुने घर नदीकाठी होते. २२ जुलै २०२१ च्या पुरात त्याची आई रात्रभर माळ्यावर बसून राहिली. खाली भांडी तरंगत होती आणि शेजारी मोती नावाचा गावठी कुत्रा होता. त्या रात्रीपासून पत्र्यावर पाऊस वाजू लागला की बाईंस झोप येत नाही. एक हात मोतीच्या पाठीवर असेल तरच डोळा लागतो. मुलाने आता एका नव्या इमारतीत भाड्याने खोली घेतली होती. इमारतीच्या मंडळींनी सांगितले की, कुत्रा ठेवावयाचा असेल तर सरकारी दाखला आणा. कसला दाखला? तर मनाने खचलेल्या माणसास आधार म्हणून जनावर ठेवता येते, त्याचा कागद असतो म्हणे. चिटणिसांचे कोणी नातेवाईक अमेरिकेत होते, त्यांच्याकडून ही माहिती आली होती.

ती अगदीच खोटी नव्हती. अमेरिकेत घरांबाबतचा १९६८ चा कायदा १९८८ मध्ये दुरुस्त झाला आणि अपंग भाडेकरूस वाजवी सवलत देणे घरमालकावर बंधनकारक झाले. डॉक्टराचे पत्र दाखवून मानसिक आधाराचे जनावर घरात ठेवण्याची वाट त्यातून निघाली. विमानातही अशी जनावरे बसू लागली. पुढे त्या पत्रांचा इतका सुळसुळाट झाला की जानेवारी २०२१ पासून तिथल्या सरकारने विमान कंपन्यांवरील ते बंधन काढून घेतले. आपल्याकडे अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये नव्याने झाला, पण त्यात अशा जनावराची नोंद करणारे खाते नाही. जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये एक परिपत्रक काढले. गृहनिर्माण संस्थांनी पाळीव जनावरांवर सरसकट बंदी घालू नये, असे त्यात आहे. म्हणजे मागितलेला कागद अस्तित्वातच नव्हता आणि तो मागण्याचा अधिकारही कोणास नव्हता. पण हे आम्ही सांगून ऐकतो कोण?

तेव्हा आमच्या मनात आले की, या सावित्री, काळ आणि गांधारीच्या खोऱ्यात जनावराच्या वाट्याला आजवर कागद आला तो कोणता?

पहिला कागद कोंडवाड्याचा. १८७१ च्या कायद्यानुसार परक्याच्या शेतात शिरलेले गुरू कोंडवाड्यात जाई आणि त्याची नोंद वहीत होई. म्हणजे आमच्या गाईचे नाव सरकारदरबारी प्रथम लागले ते गुन्हेगार म्हणून. दुसरा कागद बाजारातील पावतीचा. तिथे रंग, शिंगे, वय आणि किंमत लिहिली जाते. तिसरा वाहतुकीचा. १९७८ च्या नियमांनुसार जनावर रेल्वेने किंवा ट्रकने न्यावयाचे तर पशुवैद्याचा तंदुरुस्तीचा दाखला लागतो. १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यात तर बैल आता कामाचा उरला नाही, असा दाखला मिळत असे आणि मग तो कत्तलीस मोकळा होई. २०१५ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने तो प्रकार बंद झाला. कारखान्यातून वयोमानाने कमी केलेल्या कामगाराचे कागद आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. भाषेत फारसा फरक नाही. अलीकडे कानात पिवळा बिल्ला आणि बारा आकडी क्रमांक आला. लसीकरणासाठी ते उत्तमच झाले. परंतु या सर्व कागदांत जनावर दूध देते, ओढते, विकले जाते, चुकते किंवा मरते. ते कोणाच्या सोबतीला असते, असा रकाना कोठेही नाही.

मरणाचा कागद आम्ही जवळून पाहिला. २०२१ च्या त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे डोंगर वाडीवर आला. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. माणसांच्या त्या दुःखापुढे गुरांचे नाव काढणे तेव्हा कोणाच्या तोंडी येत नव्हते. पण आठ-पंधरा दिवसांनी तलाठी पंचनामे करीत फिरू लागले, तेव्हा गोठ्याचा विषय निघालाच. त्या वेळच्या केंद्रीय निकषांत दुभत्या म्हशीस वा गाईस ३०,००० रुपये, बैलास २५,००० आणि शेळीस ३,००० रुपये होते. २०२२ मध्ये हेच आकडे ३७,५००, ३२,००० आणि ४,००० झाले. कोंबडीलासुद्धा दर आहे. कुत्र्यास नाही, मांजरास नाही. आणि म्हैस जरी असली तरी ती मेली याचा पुरावा पाहिजे. ज्याची म्हैस दावणीला मेली त्याचा पंचनामा सोपा. ज्याने दावे कापून तिला जगण्याची संधी दिली आणि ती वाहून गेली, त्याने काय दाखवावे? कापलेले दावे? आम्ही असे दावे हातात धरून उभा राहिलेला शेतकरी पाहिला आहे. तो काही बोलला नाही.

आता महाड तालुक्यातच एक कुत्रा असा आहे की ज्याच्या कागदासाठी सारा महाराष्ट्र भांडला. रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीशेजारी वाघ्याचा पुतळा आहे. महाराज ३ एप्रिल १६८० रोजी गेले, तेव्हा या इमानी कुत्र्याने चितेत उडी घेतली, अशी कथा. समकालीन कागदांत तिचा उल्लेख नाही. १६९७ च्या सभासद बखरीतही नाही. राम गणेश गडकरी यांच्या 'राजसंन्यास' या अपुऱ्या राहिलेल्या नाटकामुळे ती घरोघर पोहोचली, असे म्हणतात. पुतळा १९३६ चा, इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या देणगीतून उभा राहिलेला. ऑगस्ट २०१२ मध्ये काही मंडळींनी तो काढून टाकला आणि थोड्याच दिवसांत तो पुन्हा बसविण्यात आला. मार्च २०२५ मध्ये संभाजीराजे छत्रपती यांनी तो ३१ मेपूर्वी हटवावा, असे पत्र मुख्यमंत्र्यांना लिहिले. होळकरांच्या वंशजांनी आणि धनगर समाजातील अनेकांनी त्यास विरोध केला.

आमचे मत विचाराल तर इतिहास म्हणून ही कथा टिकत नाही. जो म्हणतो घडले, त्याने पुरावा द्यावा, आणि तो दिला गेलेला नाही. परंतु नव्वद वर्षे एक पुतळा तिथे उभा आहे आणि गडावर येणारी पोरे समाधीला नमस्कार करून त्याच्याकडे टक लावून पाहतात, हेही घडलेलेच आहे. ते १६८० चे नव्हे, १९३६ नंतरचे. खाली तसे सरळ लिहून टाकावे, एवढेच आम्हांस सुचते. उखडून फेकणे हा इतिहाससंशोधनाचा मार्ग नव्हे.

पुराव्याची मागणी आम्हांस परकी नाही. महाडकरांस तर मुळीच नसावी. मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले ठरले. हे बोले स्वतः कामगार चळवळीतले, हे आमची मंडळी विसरतात. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद होता, पाणी नव्हते. त्या तळ्यावर गुरे पाणी पीत होती, पाखरे पीत होती, त्यांस कोणी दाखला विचारला नाही. माणसांस २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या मागून चालत जाऊन ओंजळ भरावी लागली. ती परिषद भरविण्यासाठी ज्यांनी पाय झिजविले ते रामचंद्र बाबाजी मोरे पुढे लाल बावट्याखाली मुंबईच्या कामगारांत वावरले.

त्यानंतर दावा झाला. तळे खाजगी आहे, आणि अस्पृश्यांस तिथे न येऊ देण्याची वहिवाट अनादिकाळची आहे, असे वादींचे म्हणणे. हे प्रकरण दहा वर्षे चालले. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला की, वहिवाट अनादि असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. आम्ही या निकालाची हकीकत कितीदा वाचली असेल! सिद्ध करण्याचा बोजा अडविणाऱ्यावर पडला, पाणी पिणाऱ्यावर नव्हे, म्हणून तळे मिळाले. कामगार न्यायालयात आमचे निम्मे आयुष्य याच एका प्रश्नावर गेले आहे. कंत्राटी कामगार दहा वर्षे यंत्रापाशी उभा असतो, त्याचे नाव हजेरीपत्रकावर नसते, आणि "तू इथे होतास हे तूच दाखव" असे त्यालाच सांगितले जाते.

मोतीचेही तेच झाले होते. कुत्र्याने कोणास चावा घेतला नव्हता, घाण केली नव्हती. तशी तक्रार असती तर ती करणाऱ्याने दाखवावी. पण इथे म्हाताऱ्या बाईने आपल्या झोपेचा पुरावा द्यावयाचा होता.

जाता जाता एक आठवण. जून १८३२ मध्ये मुंबईत बेवारशी कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम निघाला असता पारशी मंडळी खवळली. कुत्रा त्यांच्या धर्मात पवित्र. बाजार बंद झाले, गोऱ्या फौजेची रसद अडली. मुंबईच्या आद्य हरताळांत याची गणना करावी लागेल, आणि तो मजुरीसाठी नव्हे, कुत्र्यांसाठी झाला. कामगार चळवळीचा इतिहास लिहिणारे या प्रसंगापाशी थोडे लाजतात. आम्हांस त्यात लाजण्यासारखे काही दिसत नाही.

असो. त्या तरुणासाठी आम्ही काय केले ते सांगून थांबतो. सरकारी दवाखान्यात नेऊन मोतीस रेबीजची लस टोचली. पशुवैद्यांनी कार्डावर रंग तांबडा, जात गावठी, वय अंदाजे सहा असे लिहिले. बाईंस तपासणाऱ्या डॉक्टरांनी चार ओळींची चिठ्ठी दिली. २०१५ च्या परिपत्रकाची प्रत काढली. आणि चौथा कागद आम्हीच तयार केला. जुन्या वाडीतील अकरा शेजाऱ्यांस कचेरीत बोलाविले आणि पंचनामा लिहिला. पुराच्या रात्री हा कुत्रा या बाईजवळ होता, तेव्हापासून तो तिच्याजवळ आहे, आणि पाऊस असता तो जवळ नसल्यास ती झोपत नाही, हे आम्हांस माहीत आहे. खाली सह्या आणि तीन अंगठे. जिवंत जनावराचा पंचनामा आम्ही प्रथमच केला. लिहिताना एक म्हातारा म्हणाला, "माझ्या म्हशीचाबी जिती असतानाच करायला हवा होता."

चिटणिसांनी चारही कागद घेतले. परिपत्रक बाजूला ठेवले, डॉक्टरांची चिठ्ठी वरवर पाहिली आणि पंचनामा मात्र शेवटच्या अंगठ्यापर्यंत वाचला. मग विचारले, "रात्री भुंकतो का?"

"पाऊस नसला तर," मुलगा म्हणाला.