बखळीचा इतिहास

मराठीत 'बखळ' असा एक नेमका शब्द आहे. घर पडते, लाकूड विकले जाते, पांढरी माती मागे राहते आणि शेजारच्या भिंतीवर जुन्या कोनाड्यांच्या खुणा दिसत राहतात. त्या जागेला बखळ म्हणतात. सरकारी नकाशात ती केवळ रिकामी मिळकत असते. गल्लीत मात्र ती 'अमक्यांची बखळ' असते. घर गेले तरी मालकाचे नाव जात नाही.

धुळे आणि जळगाव या खानदेशातल्या दोन शहरांच्या जुन्या भागांत मी काही वर्षे हिंडतो आहे. जुने गॅझेटियर, नगर भूमापनाचे उतारे आणि वाटणीपत्रे वाचतो आहे. माझा प्रश्न साधा आहे. एकाच गल्लीत एका बखळीवर चार मजली इमारत उभी राहते आणि तिला लागून असलेल्या बखळीवर वर्षानुवर्षे एरंड माजलेला असतो, असे का? 'पैसा' हे उत्तर लगेच मिळते, पण ते पुरत नाही. पैसेवाल्यांच्याही बखळी आहेत. गल्ली पुन्हा बांधली जाणार की नाही हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते : समोरचा रस्ता किती रुंद आहे, जागेचे किती तुकडे झाले आहेत आणि किती जणांच्या सह्या लागतात. या तिन्ही गोष्टी बऱ्याच आधी, बहुधा आजच्या मालकाच्या जन्मापूर्वीच ठरलेल्या असतात.

ब्रिग्जची आखणी

पेशवाई बुडाल्यावर खानदेशचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे आला. पुढे फिरिश्त्याच्या इतिहासाचा इंग्रजी अनुवाद करणारा तो हाच. 1819 मध्ये त्याने धुळ्याला जिल्ह्याचे ठाणे केले. तेव्हाचे धुळे म्हणजे पांझरा नदी आणि पाटाचे पाणी यांच्यामध्ये अडकलेले लहान गाव होते. गॅझेटियरमध्ये त्या वर्षीची नोंद 401 घरे आणि 2509 माणसे अशी आहे. ब्रिग्जने जुन्या गावाला हात न लावता शेजारी नवे गाव आखले. सरळ रस्ते काढले आणि कचेऱ्यांसाठी लांबून कारागीर आणवले. घर बांधू इच्छिणाऱ्याला कायमची बिनभाड्याची जागा देऊ केली आणि पक्क्या घरासाठी आगाऊ रक्कमही दिली. गावातल्या माणसाला आणि बाहेरून आलेल्या व्यापाऱ्याला, दोघांनाही ही सवलत होती.

आजच्या भाषेत हे एक शहर विकास धोरणच होते. खात्रीची जागा, बांधायला पैसा, समोर चालता रस्ता आणि जवळ कचेरी या चार गोष्टी एकत्र आल्यावर शहर भरले. मुंबई-आग्रा मार्गाची रहदारी होतीच. आग्रा रोड, पाचकंदील आणि आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या ही त्या सरळपणाची आजची ओळख आहे. 'गल्ली नंबर चार' हा पत्ता धुळेकराला जितका सहज वाटतो, तितकाच परगावच्या माणसाला नवलाचा वाटतो.

जुन्या धुळ्याची गोष्ट वेगळी. ते नदीकाठी वाकडेतिकडेच वाढले आणि 1872 च्या सप्टेंबरात पांझरेच्या पुराने शहराचे मोठे नुकसान केले. दोन शतकांनंतरही हा फरक दिसतो. सरळ रस्त्यावरच्या घराला बांधकामाची परवानगी मिळणे सोपे जाते. बोळातल्या घराला अरुंदपणा नडतो आणि नदीकाठच्या घराला पूररेषा.

कापसाचे जळगाव

जळगावचा नकाशा सरकारने नव्हे, कापसाने आखला. 1860 च्या दशकाच्या आरंभी रेल्वे आली, त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि मँचेस्टरला खानदेशी कापूस हवासा झाला. जळगाव ही कापसाची मोठी पेठ झाली. 1870 च्या दशकात स्थानकाजवळ खानदेश मिल उभी राहिली. मूळजी जेठा हे नाव तेव्हापासून शहराशी जोडले गेले. 1906 मध्ये खानदेशचे दोन भाग झाले आणि जळगाव पूर्व खानदेशचे मुख्य ठाणे झाले. जुन्या गावाभोवती एकेक पेठ जोडली जात होती : जोशी पेठ, बळीराम पेठ, नवी पेठ, आणि इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाची पोलन पेठ.

पुढे गिरणी बंद पडली. तिच्या आवारात आज 'खानदेश सेंट्रल' नावाचा व्यापारी प्रकल्प आहे. ती जागा मोठी, सलग आणि स्थानकाला लागून. तिथे नवे काही उभे राहणार हे उघड होते. तिथून थोड्याच अंतरावरच्या जुन्या जळगावात मात्र घरे पडतात आणि बखळी तशाच राहतात. सराफ बाजाराच्या आसपास जागेला सोन्याचा भाव आहे, तरी आतल्या बोळात बांधकाम होत नाही. जमिनीचा भाव आणि जमीन मोकळी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे दिसते.

खणांची वाटणी

जुने घर रस्त्याकडे अरुंद आणि आत लांब असते. पुढे ओटा, मग ओसरी, माजघर आणि मागे परस. भावांची वाटणी होते तेव्हा प्रत्येकाला रस्त्यावर दार हवे असते. म्हणून घर आडवे न कापता उभे कापले जाते. चार खणांचे दोन-दोन होतात, पुढच्या पिढीत एकेक. दहा-बारा फूट रुंदीच्या अशा पट्टीवर जिना आणि शौचालय काढले की खोलीला जागा उरत नाही. इमारत बांधायची तर पट्ट्या पुन्हा एकत्र कराव्या लागतात, आणि ज्या भाऊबंदकीने त्या पाडल्या तीच आडवी येते.

त्यात सह्यांचा प्रश्न असतो. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलींना वडिलांच्या मिळकतीत वाटा दिला. वडिलोपार्जित मिळकतीत त्यांना मुलाच्या बरोबरीचे स्थान महाराष्ट्रात 1994 च्या दुरुस्तीने, त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना, आणि देशभर 2005 च्या दुरुस्तीने मिळाले. हे न्याय्यच झाले. परंतु आमच्याकडे घराचे पहिले कागद होतात तेव्हा बहिणींकडे वाट्याची नव्हे, हक्कसोडपत्राची विचारणा होते. मी पाहिलेल्या एका उताऱ्यावर पणजोबांचेच नाव कायम होते आणि वारस सुरत, पुणे, नाशिक असे विखुरलेले होते. 'आम्हाला काही नको, पण आधी विचारायला हवे होते,' असे त्यांतल्या एक आत्याबाई म्हणाल्या. ती बखळ जितकी कायद्याने अडली आहे, तितकीच न विचारल्याने.

तिसरा हक्कदार म्हणजे भाडेकरू. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने 1 सप्टेंबर 1940 चे भाडे आधार धरून भाडी बांधून टाकली. 1999 च्या महाराष्ट्र कायद्याने थोड्या वाढीला वाट दिली, पण जुन्या भाडेकरूचे संरक्षण ठेवले. त्यामुळे ओट्यावरचा शिंपी आणि वरच्या खोलीतली म्हातारी टिकून राहिली. त्या भाड्यात छप्पर शाकारणे मालकाला परवडेना. मग दुरुस्ती थांबते आणि घर पडण्याची वाट पाहिली जाते. घर पडले की मालकाला जागा मोकळी झाली असे वाटते. भाडेकरूचे मात्र ते एकमेव छप्पर असते. पावसाळ्यापूर्वी महापालिकेची 'धोकादायक इमारत' अशी नोटीस येते, तेव्हा ती कोणाच्या सोयीची आहे हे गल्लीला ठाऊक असते.

मुंबईचे गणित इथे चालत नाही

'रिडेव्हलपमेंट' हा शब्द आपल्याकडे मुंबईहून आला. तिथे जुन्या भाडेकरूला फुकट घर देऊन वरचे मजले विकले की विकासकाला नफा उरतो, कारण तिथला सदनिकेचा भाव बांधकामाच्या खर्चाच्या कितीतरी पट असतो. बेट मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारतींसाठी 1969 च्या कायद्याने दुरुस्ती मंडळही आले. खानदेशात ना ते मंडळ, ना तो भाव. विकलेल्या दोन मजल्यांतून तीन भाडेकरूंची घरे निघत नाहीत.

डिसेंबर 2020 मध्ये राज्यातल्या बहुतेक शहरांना एकच विकास नियमावली लागू झाली. तीतही किती चटईक्षेत्र बांधता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. अग्निशमनाचा बंब जाऊ शकत नाही अशा बोळात माणसे वाढवू नयेत, हा त्यामागचा विचार योग्य आहे. पण परिणाम असा की रुंद रस्त्यावरची घरे उंच होतात आणि आतली तशीच राहतात. ब्रिग्जच्या रस्त्याची रुंदी आज अशी मजल्यांत मोजली जाते.

शिवाय शहराबाहेर शेत बिनशेती करून पाडलेला प्लॉट स्वस्त, चौकोनी आणि एका सहीचा असतो. कर्त्या मुलाने तिकडे बंगला बांधला की गल्लीतले घर म्हाताऱ्यांकडे, मग कुलपाकडे जाते. गरिबांसाठीही बाहेरचीच वाट धरली गेली. जळगाव नगरपालिकेने 1990 च्या दशकात शहराच्या कडेला 11 हजारांहून अधिक घरकुले बांधण्याचे ठरवले. त्यांतली थोडीच पुरी झाली. त्या व्यवहाराचा खटला धुळ्याच्या विशेष न्यायालयात चालला आणि 31 ऑगस्ट 2019 रोजी 48 जण दोषी ठरले. त्या काळात शहराच्या पोटातल्या बखळींकडे घराची जागा म्हणून कोणी पाहिले नाही.

इंदूरची दिवाळी

धुळ्याहून आग्रा रस्त्याने पुढे गेले की इंदूर लागते. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने 1918 मध्ये होळकर दरबाराला त्या शहराचा अहवाल दिला. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ता काढण्याला त्याचा विरोध होता. जी घरे खरोखर मोडली आहेत तेवढीच काढावीत, त्या जागेत लहान चौक आणि झाडे करावीत, बाकीची सावरावीत, असे तो सांगे. त्याचे चरित्रकार एक गोष्ट सांगतात. प्लेगच्या त्या काळात दिवाळीला त्याने इंदुरात मिरवणूक काढली आणि जाहीर केले की ती नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या भागातली घरे सर्वांत जास्त झाडून-सावरून झाली असतील तिथूनच ती जाईल. शहर कामाला लागले.

या गोष्टीतला मुद्दा आपल्या उपयोगाचा आहे. माणसे आपली गल्ली सावरायला तयार असतात; आपण सावरले तर ते आपलेच राहील, एवढी खात्री त्यांना हवी असते. ब्रिग्जने ती खात्री कायमच्या बिनभाड्याच्या जागेने दिली होती. आज ती कागदाने द्यावी लागेल. वारसनोंदी अद्ययावत करणारी शिबिरे गल्लीत भरावीत. शेजारच्या पट्ट्या एकत्र करणाऱ्यांना मुद्रांक शुल्कात सूट मिळावी. बोळातल्या एक-दोन बखळी महापालिकेने मोबदला देऊन घ्याव्यात आणि तिथे बंब वळेल एवढा चौक करावा, म्हणजे उरलेल्या घरांना बांधता येईल. आणि घर पाडण्याआधी भाडेकरूची खोली मोजून तिचे क्षेत्र त्याच्या नावाने लिहून द्यावे.

हे शेवटचे काम सर्वांत स्वस्त आहे आणि तेच सर्वांत कमी होते. घर पडल्यावर मालकाची बखळ उरते आणि तिला त्याचे नाव उरते. चाळीस वर्षे ओट्यावर मशीन चालवणाऱ्याचे काहीच उरत नाही. जुन्या वस्त्यांच्या पुनर्बांधणीचा खरा हिशेब त्याच्या नावापासून सुरू व्हायला हवा.