मुलाखतीतील तिसरा



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी इंदूरच्या या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला. विषय इतिहासाचाच असावा, अशी संयोजकांची सूचना होती. ती मी पाळणार आहे. मात्र या इतिहासाचे शेवटचे पान अगदी अलीकडचे आहे. नोकरीची मुलाखत संगणकावरून चालू असताना, परीक्षकाला न दिसेल अशा रीतीने उमेदवाराच्या पडद्यावर उत्तर उमटवणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता बाजारात विकत मिळतात. आपले अनेक माजी विद्यार्थी पुणे, हैदराबाद, बंगळूर येथील कंपन्यांत मुलाखती देतात. काही जण त्या घेतातही. दोन्ही बाजूंकडून मला एकच प्रश्न विचारला गेला : ही साधने कितपत उपयोगाची? आता साधनाची पारख करायची, तर ज्या कामासाठी ते वापरायचे ते काम आधी नीट ओळखले पाहिजे. मुलाखत ही नेमकी कशासाठी जन्माला आली?

‘मुलाखत’ हा शब्द मुळात अरबी. अर्थ साधा, भेट. आपल्या जुन्या कागदपत्रांत सरदारांच्या आणि राजेरजवाड्यांच्या मुलाखती होतात, त्या अशाच भेटी. त्या भेटींत वकील असत, कारभारी असत, दुभाषी असत. तिसऱ्याची उपस्थिती उघड होती आणि तिच्यात कोणाला काही गैर वाटत नसे, कारण तेथे व्यक्तीची पारख करायची नव्हती, राजकारण ठरवायचे होते. पारख करण्याचा हेतू आला, तेव्हाच तिसरा माणूस संशयास्पद ठरला.

या संशयाचा सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा दाखला चीनचा आहे. सुई घराण्याच्या काळात, इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या आरंभी, तेथे अधिकारी निवडण्यासाठी परीक्षा सुरू झाल्या आणि त्या १९०५ साली रद्द होईपर्यंत टिकल्या. नानजिंगच्या परीक्षागृहात ऐन भरात वीस हजारांहून अधिक लहान लहान कोठड्या होत्या. उमेदवार आत शिरताना त्याची झडती होई. अकराव्या शतकात तर उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकून, ती दुसऱ्या कारकुनाकडून नकलून घेऊन मगच परीक्षकाकडे देण्याची पद्धत आली. हेतू हा की हस्ताक्षरावरूनही ओळख पटू नये. एवढे करूनही मदतनीस आलाच. बारीक अक्षरांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिलेली वस्त्रे अंगात घालून उमेदवार आत जात. तशी वस्त्रे आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. त्या अस्तरावरची अक्षरे लावण्यात गेलेले श्रम पाहिले, की वाटते, तेवढ्यात ग्रंथ पाठ झाला असता!

हिंदुस्थानातील कथा निराळी आहे. कंपनी सरकारच्या नोकऱ्या १८५३ पर्यंत संचालकांच्या शिफारशीने मिळत. त्या वर्षीच्या सनदी कायद्याने शिफारस गेली, मेकॉलेच्या समितीने १८५४ मध्ये परीक्षेचा आराखडा दिला आणि १८५५ साली लंडनला पहिली स्पर्धापरीक्षा झाली. परीक्षा आली तशा शिकवण्याही आल्या. लंडनमधील रेन यांच्या वर्गात पैसे भरून तयारी करणाऱ्यांची तेथे रीघ असे. तयारी विकत घेणे तेव्हाही श्रीमंतांनाच परवडत होते, आणि या गोष्टीला कोणी लबाडी म्हटले नाही. हे लक्षात ठेवावे, कारण आजचा तरुण हाच मुद्दा पुढे करतो.

लेखी परीक्षेत पाठांतराचा जोर दिसू लागल्यावर तोंडी परीक्षेची गरज वाटू लागली. १९१७ साली इंग्लंडमधील एका समितीने वरिष्ठ सनदी नोकरीसाठी तीनशे गुणांच्या तोंडी परीक्षेची शिफारस केली. तिचे वैशिष्ट्य असे, की ती अभ्यासविषयांची नव्हती. सर्वसाधारण गोष्टींवर बोलताना उमेदवाराची तरतरी आणि समज कशी दिसते, हे पाहायचे होते. म्हणजे कागदावर जे उतरत नाही ते पाहण्यासाठी मुलाखत आली. माझ्या सगळ्या विवेचनाचा आधार हाच आहे.

आपल्या परिसराशी नाते असलेली एक मुलाखत येथे सांगितली पाहिजे. आपल्या शेजारच्या महू छावणीत १८९१ साली जन्मलेले भीमराव आंबेडकर मुंबईत शिकत असताना, केळुसकर गुरुजी त्यांना सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरे त्यांना पसंत पडली आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. पुढे १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. केळुसकर गुरुजींनी ग्रंथ दिले, शब्द टाकला, दारापर्यंत नेले. उत्तरे भीमरावांची होती. मदत कोठपर्यंत जावी याची याहून स्वच्छ रेघ मला इतिहासात सापडलेली नाही.

अर्थात मुलाखत घेणाराही नेहमी शहाणाच असतो असे नाही. थॉमस एडिसन आपल्याकडे येणाऱ्या उमेदवारांना सुमारे दीडशे प्रश्नांची यादी देई. अमुक वस्तू कोणत्या देशात होते, तमुक शोध कोणी लावला, अशा धर्तीची. १९२१ च्या मे महिन्यात नापास झालेल्या एका उमेदवाराच्या स्मरणशक्तीमुळे ते प्रश्न वृत्तपत्रात छापून आले आणि अमेरिकाभर घरोघरी लोक स्वतःची परीक्षा घेऊ लागले. एडिसनला प्रश्न बदलावे लागले. त्याच सुमारास आइन्स्टाइन बोस्टनला आले असता त्यांना त्या यादीच्या धर्तीवर ध्वनीचा वेग विचारला गेला. जे पुस्तकात सहज मिळते ते मी डोक्यात ठेवत नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. प्रश्न फुटले म्हणून एडिसनची परीक्षा कोसळली, असे म्हणतात. मला वाटते, ती आधीपासूनच पोकळ होती. फुटल्यामुळे ते दिसले एवढेच.

आपल्या न्यायालयांनीही या पोकळपणाची दखल घेतली आहे. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाचे प्रकरण १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाले. तेथे एकूण दीडशे गुणांपैकी पन्नास गुण मुलाखतीला होते आणि एकेक मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली होती. पंधरा टक्क्यांहून अधिक गुण मुलाखतीला देणे मनमानीचे ठरेल, असे न्यायालयाने म्हटले, आणि मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात असेही सुचवले. १ जानेवारी २०१६ पासून तर केंद्र सरकारने कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंदच केल्या. मात्र लेखी परीक्षा म्हणजे शुद्धतेची हमी, असा अर्थ इंदूरकरांनी तरी काढू नये. २०१३ च्या जुलैमध्ये, दुसऱ्यांच्या नावाने वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसण्यासाठी आलेले वीस जण याच शहरात पकडले गेले आणि व्यापमचे प्रकरण उघडले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ६३४ विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्दच ठेवले.

आता आजच्या साधनाकडे येऊ. त्याची रचना समजायला अवघड नाही. परीक्षकाचा आवाज संगणक ऐकतो, त्याची अक्षरे करतो, ती भाषेच्या यंत्राकडे पाठवतो आणि आलेले उत्तर पडद्यावरच्या पारदर्शक चौकटीत दाखवतो. यांतील प्रत्येक भाग वेगळ्याच हेतूने तयार झाला होता. आवाजाची अक्षरे करणारी उत्तम प्रणाली २०२२ च्या सप्टेंबरात खुली झाली, चॅटजीपीटी त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला आले. आणि पडद्याचे चित्र दुसऱ्याला पाठवताना एखादी चौकट त्यातून वगळण्याची सोय विंडोजमध्ये २०२० सालीच होती, गोपनीय मजकुराच्या रक्षणासाठी. हे तुकडे कोणीतरी जोडणारच होते. २०२५ च्या आरंभी असे एक साधन गाजले ते अमेरिकेतील एका विद्यार्थ्याचे. योगायोग असा की तो कोलंबिया विद्यापीठाचाच. विद्यापीठाने कारवाई केली, तो बाहेर पडला आणि काही आठवड्यांतच त्याच्या कंपनीला ५३ लाख डॉलरचे भांडवल मिळाले.

जाहिरातीवर विसंबण्यापेक्षा पाहून घ्यावे, म्हणून एका माजी विद्यार्थ्याच्या साहाय्याने मी शाळेच्या संगणक कक्षात छोटा प्रयोग केला. तो शेजारच्या खोलीत असे साधन घेऊन बसला, मी परीक्षक झालो. मंदसोरचा तह केव्हा झाला? ६ जानेवारी १८१८, उत्तर अचूक. महिदपूरला होळकरांचा पराभव का झाला? तीन कारणे, सुबक मांडणीत. मग मी विचारले, या तिहींपैकी एक कारण सोडायचे झाले तर कोणते सोडाल? साधनाने तीच तीन कारणे नव्या शब्दांत पुन्हा सांगितली. शेवटी विचारले, तुमच्या पहिल्या नोकरीत हिशेब जुळला नाही असा एखादा प्रसंग सांगा. यंत्राने तत्काळ एक प्रसंग रचला. गोदामातील माल, रात्रीची जागरणे, वरिष्ठांची शाबासकी, सगळे त्यात होते. त्या मुलाच्या आयुष्यात गोदाम कधी आलेच नव्हते. अर्धे वाक्य वाचून तो थांबला आणि हसू लागला.

वेळेचे गणितही पाहिले. संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो, असे दहा भाषांच्या एका तौलनिक अभ्यासात २००९ साली आढळले. साधनाला काही सेकंद लागत होते. ती पोकळी भरण्यासाठी उमेदवार प्रश्नच पुन्हा म्हणतो आणि मग डोळे डावीकडून उजवीकडे सरकू लागतात. हा दोष कदाचित उद्या जाईल. यंत्रे वेगवान होतात. म्हणून माझे मूल्यमापन मी वेगावर उभे करणार नाही.

आपल्या रंगभूमीवर विंगेत प्रॉम्प्टर उभा असे. नटाने पाठ केलेले वाक्य सुटले, तर तो पहिला शब्द पुरवी. मुळात संहिता नटाच्या ओठी बसलेली असे, म्हणूनच त्या एका शब्दाचा उपयोग होई. मुलाखतीतील यंत्र आठवण देत नाही, ते पूर्वायुष्य पुरवते. परीक्षकाला जी व्यक्ती नेमायची आहे तिच्याविषयीचे खोटे ते तयार करून देते, आणि नोकरी लागल्यावर ते खोटे निभवायला यंत्र नव्हे, उमेदवार एकटा असतो. माहितीच्या प्रश्नाला ते उत्तम आहे. पण माहितीच्या प्रश्नावर चालणारी मुलाखत एडिसनच्या यादीसारखी आधीच मेलेली असते.

येथे कंपन्यांनाही सुटका नाही. उमेदवार यंत्र वापरतो म्हणून ओरडणाऱ्यांनी स्वतः काय केले, तेही इतिहासात नोंदले गेले आहे. स्त्रियांचे अर्ज खाली ढकलणारी ॲमेझॉनची प्रायोगिक प्रणाली कंपनीने सोडून दिल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. चेहऱ्यावरून उमेदवार जोखण्याचा प्रकार टीकेनंतर थांबवल्याचे हायरव्ह्यू या कंपनीने २०२१ साली जाहीर केले. न्यूयॉर्क शहराने २०२३ पासून नेमणुकीच्या यंत्रांची पक्षपाताच्या दृष्टीने तपासणी सक्तीची केली. आणि यंत्र बाजूला ठेवले तरी गप्पावजा मुलाखत कच्चीच आहे. नोकरीतील पुढील कामगिरीशी मुलाखतीचा मेळ किती बसतो, हे शून्य ते एक या मापाने मोजता येते. २०२२ च्या एका व्यापक फेरतपासणीत आधी ठरवलेल्या, सर्वांना समान प्रश्नांच्या मुलाखतीला ०.४२ मिळाले, मोकळ्या मुलाखतीला ०.१९.

आता दोन वाटा दिसत आहेत. गुगलचे प्रमुख सुंदर पिचई यांनी २०२५ च्या जूनमध्ये किमान एक फेरी समोरासमोर घेण्याचे बोलून दाखवले. ही नानजिंगच्या झडतीची वाट. दुसरी वाट कॅनव्हा या कंपनीने त्याच महिन्यात जाहीर केली, की संगणक आज्ञावलीच्या मुलाखतीत उमेदवाराने यंत्र उघडपणे वापरावे. परीक्षक त्याचा विवेक पाहतील. यंत्राने दिलेले उत्तर कोठे चुकले हे ज्याला दाखवता येते, तो काम जाणतो. मला दुसरी वाट अधिक सरळ वाटते, कारण तीत तिसरा पुन्हा दरबारातल्या वकिलासारखा उजेडात येतो.

परंतु मराठी माध्यमातून शिकलेल्या आपल्या एका विद्यार्थिनीने मला विचारलेला प्रश्न या दोन्ही वाटांत बसत नाही. ती म्हणाली, “सर, मला काम येते, इंग्रजी प्रश्न भरभर बोलला की कळत नाही. प्रश्न नुसता अक्षरांत दाखवणारे साधन लावले, तर ती लबाडी का?” माझ्या मते नाही; कानाने कमी ऐकणाऱ्याला आपण हेच देतो. मात्र ते लपवून लावू नये. मुलाखतीपूर्वी पत्र लिहून प्रश्नांची अक्षरे पडद्यावर दिसण्याची परवानगी मागावी, आणि उत्तर देणारे कोणतेही साधन चालू नसेल हेही त्यात लिहावे. अशा पत्राचा मराठी व इंग्रजी नमुना मी शाळेच्या कार्यालयात देऊन ठेवला आहे.