बोर्डीच्या अंगणातले शिंपले

मैत्रिणींनो, बालवाडीसाठी काय विकत आणायचं, यावर आपल्या गटांत नेहमी चर्चा होते. हाच प्रश्न ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कसा सोडवला, ते आज सांगतो.

1945 साली या दोघींनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीनं शिकवून आलेल्या. त्या पद्धतीत लाकडी दट्ट्यांची पेटी असते. प्रत्येक दट्ट्या आपल्याच खाचेत बसतो, म्हणून चूक मुलाला स्वतःलाच कळते. साधन उत्तम, पण महाग! मजुरी करणाऱ्या वस्तीला कसं परवडणार?

ताराबाईंनी पद्धत ठेवली, साधनं बदलली. किनाऱ्यावरचे शिंपले, खडे, पानं, बिया, माती. शिंपले लहानमोठे लावायचे, मोजायचे, खरखरीत-गुळगुळीत हातानं ओळखायचे. (बिया अगदी लहानग्यांच्या तोंडात जातात, त्यांना मोठे शिंपलेच बरे.) भिंतीवर टांगलेल्या रंगीत तक्त्यापेक्षा हातात आलेला शिंपला मुलाला जास्त शिकवतो, असं आम्हाला वाटतं.

दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. ती अंगणवाडी! 1975 च्या सरकारी योजनेतही हेच नाव आलं.

1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं गुरं राखायची. मग शाळा कुरणात भरली, आणि कुरणात जे पडलेलं असेल तेच साधन झालं.