माझगावची आपली शाळा

मुंबईच्या माझगावात सर एली कदूरी हायस्कूल आहे. आपल्या जुन्या मंडळींच्या तोंडी तिचे नाव ‘इस्रायलाइट स्कूल’. इस्राएलात जन्मलेल्या आपल्या नातवंडांना तिचा इतिहास ठाऊक असावा, म्हणून हा लेखप्रपंच.

एकोणिसाव्या शतकात आपल्या मुलांना विद्येची गोडी लावली ती मिशनऱ्यांच्या शाळांनी. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले, हे उपकार आपण विसरू नयेत. परंतु आपली पवित्र भाषा परधर्माच्या प्रचारकांकडून किती काळ शिकावी, हा प्रश्न समाजापुढे होताच. त्याचे उत्तर कै. हाईम शमुएल केहिमकर यांनी १८७५ साली शाळा काढून दिले. कारकून, सुतार आणि पलटणीतले शिपाई यांचा हा समाज, पैसा बेताचा. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने मदतीचा हात दिला. हिब्रू आणि व्यवहाराची विद्या मुलांना एकाच छपराखाली मिळू लागली.

पुढे १९२२ ते १९५० अशी अठ्ठावीस वर्षे शाळेची धुरा कु. रिबेका रूबेन यांनी वाहिली. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आलेल्या या विदुषीने आपले आयुष्य शिक्षणाला दिले. त्यांच्याच कारकिर्दीत, १९३०च्या दशकात, बगदादला जन्मलेले आणि शांघाय-हाँगकाँगात व्यापार करणारे सर एली कदूरी यांनी शाळेला मोठी देणगी दिली. तेव्हापासून शाळेला त्यांचे नाव आहे.

१९४८ नंतर अलिया सुरू झाली आणि बाके रिकामी होऊ लागली. ती रिकामी राहिली नाहीत. आसपासच्या वस्तीतली मुले आली. आज शाळेत बहुसंख्य मुले मुसलमान कुटुंबांतली आहेत. आपल्यातली काही मंडळी हळहळतात, “शाळा आपली राहिली नाही.”

आम्हांला हे पटत नाही. एके काळी आपली पोरे दुसऱ्यांनी बांधलेल्या शाळेत बसून अक्षर ओळख शिकली. आज आपण बांधलेल्या शाळेत दुसऱ्यांची पोरे शिकतात. जुने ऋण असेच फिटते. शाळा बंद पडून तिच्या जागी गुदाम उभे राहिले असते, तर मात्र हळहळणे योग्य ठरले असते.

मुंबईस गेलात की नातेवाइकांच्या भेटीगाठी आणि सिनेगॉगचे दर्शन होतेच. एक सकाळ माझगावसाठीही राखून ठेवा, आणि मुलांना बरोबर न्या.