बर्लिनचं बक्षीस आणि आपली साधनं

मागच्या आठवड्यात सावद्याला घरी गेलो होतो. पेटचा अभ्यास करणाऱ्या एका मित्राने विचारलं, "नाचाचा इतिहास लिहितात तरी कसा? नाच तर झाला की संपला." प्रश्न साधा आहे, पण माझं पीएच.डी.चं अख्खं दुसरं वर्ष त्यातच गेलं. म्हणून आज एकच उदाहरण घेऊ या.

१९३६ ते १९३८ या काळात मुंबईची एक नृत्यमंडळी युरोपात गावोगावी प्रयोग करत होती. मंडळी होती मॅडम मेनका यांची. मूळ नाव लीला रॉय, जन्म बंगालमधल्या बारिसालचा. नवरा साहिबसिंग सोखी, मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे संचालक. कथ्थक म्हणजे कोठीवरचा नाच, असं समजण्याचे ते दिवस. मेनकांनी तो रीतसर शिकून घेतला आणि एकटीच्या नाचातून अनेक नर्तकांची, गोष्ट सांगणारी नृत्यनाट्यं उभी केली. म्हणजे युरोपने 'प्राचीन भारत' म्हणून जे पाहिलं, ते मुंबईत नुकतंच घडलेलं, त्या काळचं आधुनिक नृत्य होतं. ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, पुढे लागेल.

जुलै १९३६ मध्ये, ऑलिम्पिकच्या तोंडावर, बर्लिनला आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा झाली. मेनकांच्या मंडळीचा तिथे गौरव झाला. मी वाचलेल्या बहुतेक परिचयांत हे बक्षीस अभिमानाने येतं आणि वाक्य तिथेच थांबतं. पण यजमान कोण होतं? नाझी राजवट. अमेरिकेच्या मार्था ग्रॅहम यांनी याच कारणासाठी निमंत्रण नाकारलं होतं. मग मेनका का गेल्या, असा प्रश्न पडतोच. मात्र उत्तराची घाई करू नका. गुलाम देशातल्या, सरकारी पाठबळ नसलेल्या मंडळीपुढचे पर्याय आणि न्यूयॉर्कच्या कलावतीपुढचे पर्याय एका तराजूत टाकता येत नाहीत. माझं मत विचाराल तर बक्षीस खोडायचं नाही, पण 'बर्लिन, १९३६' हे शब्द गाळून ते लिहायचंही नाही.

आता साधनांकडे या. जाहिराती, कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रांतली परीक्षणं असा भरपूर कागद युरोपात उरला. जर्मन संशोधकांनी अलीकडे त्यातून मेनकांच्या दौऱ्याचं एक डिजिटल दफ्तरच उभं केलं आहे. १९३८ च्या 'डेर टिगर फॉन एश्नापूर' या जर्मन चित्रपटातही ही मंडळी नाचताना दिसते. तीही कुणा काल्पनिक संस्थानच्या महाराजाच्या दरबारात! मुंबईचे खरे कलाकार, पण पडद्यावर उभा केलेला भारत जर्मन दिग्दर्शकाच्या मनातला.

आपल्याकडची केळी कच्चीच कापून गाडीत भरतात, पिकतात ती दिल्लीच्या बाजारात. तिथून येणाऱ्या पट्टीवर वजन असतं, भाव असतो. बागेला पाणी किती वेळा दिलं, हे त्या पट्टीवरून कळेल का? परीक्षणांचंही तसंच आहे. प्रेक्षकाला काय हवं होतं ते कळतं, नाचणारीला काय वाटलं ते नाही. म्हणून परीक्षण वाचताना पहिला प्रश्न हा विचारा: हे कुणी, कुणासाठी लिहिलं?

मग नाचणारीचं बोलणं कुठे शोधायचं? या मंडळीत दमयंती जोशी नावाची मुंबईची मराठी मुलगी होती. जेमतेम दहा वर्षांच्या वयात तिने युरोपच्या रंगमंचावर पाऊल ठेवलं. मोठेपणी त्या नामवंत कथ्थक नर्तकी झाल्या. १९६८ ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७० ला पद्मश्री. आणि १९८९ ला त्यांनीच मेनकांवर पुस्तक लिहिलं. दौऱ्याला तोवर पन्नास वर्षं उलटलेली, लिहिणारी शिष्या, आणि गुरू म्हणजे जवळजवळ आईच. या पुस्तकाला 'व्यक्तिनिष्ठ' म्हणून बाजूला सारणारे मला सेमिनारमध्ये भेटलेत. अहो, जर्मन परीक्षण तरी कुठे तटस्थ होतं? दोन्ही शेजारी ठेवा आणि कुठे जुळत नाहीत ते बघा. मला तर कामाचं सगळं त्या फटींतच सापडलं.

मित्राला एवढं सांगितल्यावर तो म्हणाला, "आणि आपल्या जत्रेतल्या तमाशातल्या बायांचं काय? त्यांच्यावर कोण परीक्षण लिहिणार?" यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. सध्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बसतोय, रेकॉर्डर घेऊन. तुमच्या गावात कुणी सांगणारं असेल, तर परीक्षेची वाट न बघता आधी त्यांच्याकडे जाऊन या.