पत्र गेलं, चांदण्या आल्या

एका जुन्या मराठी साप्ताहिकाच्या मोबाइल ॲपखाली वाचकांनी नोंदवलेली मतं परवा निवांत वाचून काढली. नाव सांगत नाही, रडगाणं सगळीकडं तेच आहे. ओटीपी येत नाही, पैसे गेले पण अंक उघडेना, जाहिरात मध्येच येते. मग एखादा पाच चांदण्या देऊन मोकळा. अंकात काय छापलंय, लेख पटला की नाही, यावर मात्र जवळपास कुणीच बोलत नाही.

मराठी वाचक असा मुका नव्हता हो.

भाऊ महाजनांचं 'प्रभाकर' हे साप्ताहिक १८४१ पासून मुंबईत निघायचं. त्यात १८४८ पासून 'लोकहितवादी' या टोपणनावानं पत्रं येऊ लागली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख, वय वर्षं २५, वर सरकारी नोकर. जातीचा गर्व, बायकांचे हाल, आपलं राज्य का बुडालं, काही म्हणून सोडलं नाही त्यांनी. अशी १०८ पत्रं झाली. आपण 'शतपत्रे' म्हणून परीक्षेपुरती वाचली, पण मुळात ती साप्ताहिकाला आलेली पत्रंच ना! लिहिणाऱ्याएवढंच छापणाऱ्याचंही धाडस म्हणायचं, कारण शिव्या दोघांच्याही वाट्याला येणार होत्या.

आपल्याकडची गोष्ट आणखी अवघड. बीड जिल्हा निजामाच्या राज्यात. आ. कृ. वाघमाऱ्यांनी १९३८ साली 'मराठवाडा' हे साप्ताहिक काढलं ते पुण्याहून, कारण इथं मोकळेपणानं छापायची सोयच नव्हती. निजाम सरकारनं बंदी घातली की हे नाव बदलून पुन्हा अंक काढायचे. वाचक इकडं, छापखाना तिकडं, मधी सरहद्द. अशा काळात इथल्या माणसानं तिकडं चार ओळी धाडायच्या म्हणजे जोखीम होती. आज आपण बोटानं चांदणी दाबतो, तेही आळसानं.

१७ सप्टेंबर १९४८ ला आपण मोकळे झालो. त्याच्या महिनाभर आधी, १५ ऑगस्टला, साने गुरुजींनी 'साधना' सुरू केलं होतं. त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर आहेत, दिंद्रुडच्या बसथांब्यावर उभं राहून वाचता येतात. म्हणून मी ॲपच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. टपालानं येणारं साप्ताहिक कितीदा शिळं होऊन हातात पडायचं, ते जुन्या वर्गणीदारांना विचारा. आणि दसरा झाला की आपली माणसं कोयता घेऊन कारखान्यावर जातात. त्यांच्या कोपीपर्यंत कुठलं साप्ताहिक कधी गेलं होतं? मोबाइल मात्र जातो. तिथल्या पोरानं रात्री अंक उघडला आणि ऊसतोडीवरचा लेख चुकीचा वाटला, तर त्यानं ते सांगायचं कुठं? चांदणीत?

माझं भांडण इथंच आहे. पत्र संपादकाच्या टेबलावर जायचं. छापून आलं तर खाली नाव, गाव, तालुका, जिल्हा. ते वाचून दुसऱ्या गावचा माणूस पुढच्या अंकात उत्तर द्यायचा. वाद महिना महिना चालायचे, कधी कधी वैतागच यायचा. ॲपखालचं मत परदेशी कंपनीच्या दुकानात पडून राहतं. उत्तर आलंच तर 'आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद', तक्रार काहीही असो. त्या मतांची सरासरी निघते, ४.१ नाहीतर ३.८. लोकहितवादींच्या १०८ पत्रांची सरासरी किती काढायची?

साप्ताहिकं चालवणाऱ्या मंडळींना एवढंच सांगणं आहे: ॲपमध्ये प्रत्येक लेखाखाली पत्र लिहायची जागा ठेवा, आणि त्यातली निवडक पत्रं गावाच्या नावासकट छापील अंकात घ्या. आणि मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचं छापून आलेलं पत्र कात्रण करून जपलेलं असेल तर फोटो खाली टाका. साल आणि साप्ताहिकाचं नाव तेवढं लिहा.